‘थिंग’ : सभेपासून वस्तूपर्यंत

ज्याला नेमके नाव सुचत नाही अशा कशालाही इंग्रजीत ‘थिंग’ म्हणता येते. या शब्दाचा आरंभ मात्र वस्तूत नाही. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील केंटच्या राजांच्या कायद्यांत ‘थिंग’ म्हणजे वाद मांडण्यासाठी भरणारी सभा होय. आइसलंडमध्ये ९३० साली स्थापन झालेली ‘आल्थिंग’ आणि नॉर्वेची संसद ‘स्टोर्टिंग’ यांच्या नावांत तो अर्थ आजही टिकून आहे.

सभा, सभेपुढील प्रकरण, कोणतीही बाब, आणि अखेरीस जड वस्तू, असा हा अर्थप्रवास आहे. भारतीय परिभाषेत सांगायचे तर प्रत्येक टप्प्यावर लक्षणा कार्य करते आणि पुढे ती रूढ होऊन वाच्यार्थाची जागा घेते. हा केवळ योगायोग नव्हे. लॅटिनमधील ‘काउसा’ या शब्दाचा एक अर्थ ‘खटला’ असा होता. त्यापासूनच फ्रेंच ‘शोज’ आणि इटालियन ‘कोसा’ हे वस्तुवाचक शब्द आले.

या इतिहासाला विसाव्या शतकात तात्त्विक वजन लाभले. ‘दास डिंग’ या १९५० च्या व्याख्यानात हायडेगरने मातीच्या घटाच्या उदाहरणाने वस्तूचे वस्तुत्व ‘एकत्र आणण्यात’ पाहिले आणि जर्मन शब्दाच्या जुन्या सभावाचक अर्थाकडे लक्ष वेधले. आपला विचार व्युत्पत्तीवर पोसलेला नाही, असा खुलासाही त्याने तेथेच केला. २००४ मध्ये ब्रुनो लातूरने याच व्युत्पत्तीचा आधार घेऊन समीक्षेने वस्तूंकडे पुन्हा वळावे असे प्रतिपादन केले.

येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. मराठी ‘गोष्ट’ हा शब्द याच वाटेने आला आहे. संस्कृत ‘गोष्ठ’ म्हणजे गाईंचा गोठा. ‘गोष्ठी’ म्हणजे मंडळींची बैठक व तीतील संभाषण. आणि मराठीत ‘गोष्ट’ म्हणजे कथा, बाब, प्रसंगी वस्तूदेखील. इंग्रजी शब्दाला न लाभलेला कथेचा अर्थ मराठीने येथे कमावला. परंतु नातवाला गोष्ट सांगणाऱ्या आजीच्या मनात सभा नसते आणि गोठा तर नसतोच. मूळ अर्थालाच प्रमाण मानायचे, तर सभेपाशीच थांबण्याचे कारण उरत नाही. गोठ्यापर्यंत जावे लागेल.

व्युत्पत्ती शब्दाने कोणते अर्थ धारण केले ते दाखवते. त्यांपैकी कोणता अर्थ विवक्षित आहे, हे प्रयोगच ठरवतो. व्युत्पत्तीतून समीक्षकाला प्रश्न मिळू शकतो. त्याचे उत्तर मात्र त्याला संहितेतच शोधावे लागते.