साक्षीसाठी घेतलेली विहीर

कारखान्याच्या कुंपणालगत कधी कधी कुलूप लावलेलं एक लोखंडी झाकण दिसतं. आत दोन इंची पीव्हीसी पाइप असतो. लोकांना ती बोअरवेलच वाटते. पण ही निरीक्षण विहीर. तिचं कूळ पाणी उपसणाऱ्यांचं नाही, पाया बांधणाऱ्या इंजिनिअरांचं आहे.

1940 च्या दशकात बोस्टनच्या लोगन विमानतळासाठी मऊ चिकणमातीवर भराव घालायचा होता. भरावाच्या ओझ्यानं मातीतल्या पाण्याचा दाब किती वाढतो, हे कळल्याशिवाय पुढे जाणं धोक्याचं होतं. आर्थर कासाग्रांदे यांनी सच्छिद्र नळी हव्या त्या खोलीवर बसवली, भोवती वाळू भरली आणि वर बेंटोनाइटचं बूच दिलं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि भोक गच्च बंद करते. वरचं पाणी खाली झिरपत नाही, म्हणून नळीत कळते ती त्या एकाच थराची स्थिती. निरीक्षण विहिरीचा सगळा जीव आजही या बुचात आहे.

प्रदूषणाच्या तपासात ही रचना रुळली तीही अमेरिकेतच. नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉलच्या चरात 1942 ते 1953 दरम्यान सुमारे वीस हजार टन रासायनिक कचरा पुरला गेला, आणि पुढे त्याला लागून शाळा व घरं उभी राहिली. 1978 मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली. घातक कचऱ्याचा कायदा 1976 चाच होता; त्याखालच्या 1980 च्या नियमांनी कचरा साठवणाऱ्या जागांना किमान चार विहिरींचं बंधन घातलं. भूजल जिकडून येतं तिकडे एक, जिकडे जातं तिकडे तीन. येणारं पाणी स्वच्छ आणि जाणारं दूषित निघालं, तरच दोष त्या आवारावर ठेवता येतो.

साक्ष कोर्टात टिकायची तर कामही तसंच लागतं. पाइप आट्यांनी जोडतात, सोल्युशन लावून नाही. कारण त्या सोल्युशनमधली रसायनंच प्रयोगशाळेत सापडतात. बेंटोनाइटच्या गोळ्या थोड्या थोड्या सोडायच्या आणि दर वेळी टेप खाली सोडून थर कुठवर आला ते पाहायचं. घाईनं ओतल्या तर गोळ्या अध्येमध्ये अडकतात, खाली पोकळी राहते. वरून काहीच कळत नाही, आणि विहीर कायमची खोटी बोलू लागते.

आपल्याकडे केंद्रीय भूजल मंडळ 1969 पासून पातळी मोजतं आहे. त्यासाठी बरीच वर्षं मुख्यतः गावच्या वापरातल्या विहिरीच होत्या. मोजणीसाठीच खास घेतलेल्या विहिरी 1995 च्या जलविज्ञान प्रकल्पापासून मोठ्या संख्येनं आल्या. टंचाईचा अंदाज घ्यायला गावची विहीर चालते. प्रदूषणाला नाही. आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात उघड्या विहिरीत मुरुमातला पाझर आणि खालच्या भेगांतलं पाणी एकत्र येतं. एखाद्या भेगेतून विष येत असलं तरी ते बाकीच्या पाण्यात पातळ होतं आणि अहवालात सारं मर्यादेत दिसतं.

म्हणून औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यांनी, ग्रामपंचायतींनी, भूजलाचा अहवाल हाती आला की आकड्यांच्या आधी तीन गोष्टी मागाव्यात: सच्छिद्र जाळीचा पाइप किती खोलीवर आहे, बूच कुठे दिलं आहे आणि येणाऱ्या पाण्याच्या बाजूची विहीर कोणती. हा तपशील नसेल, तर तो अहवाल मान्य करू नये.