नॉर्वेजियन समास

नॉर्वेजियन भाषेत नवी नामे घडविण्याचे प्रमुख साधन. १८१४ मध्ये डेन्मार्कशी असलेला राज्यसंबंध तुटल्यावरही नॉर्वेची लेखनभाषा डॅनिशच राहिली. त्यामुळे देशी शब्दनिर्मितीला राष्ट्रीय महत्त्व आले. ईव्हार ओसेन (१८१३–९६) याने बोलींवर आधारलेल्या १८६४ च्या व्याकरणात समासांचा विचार केला. क्नूड क्नूडसेन (१८१२–९५) याने १८८१ मध्ये पूर्ण केलेल्या कोशात परकीय शब्दांना देशी प्रतिशब्द सुचविले.

समासात उत्तरपद प्रधान असून लिंग त्यावरूनच ठरते : ‘बार्न’ (मूल) नपुंसकलिंगी, ‘हागे’ (बाग) पुल्लिंगी, म्हणून ‘बार्नेहागे’ (बालवाडी) पुल्लिंगी. मधला ‘ए’ केवळ जोडवर्ण होय. काही समासांत त्या जागी ‘स’ येतो. मुख्य आघात सामान्यतः पूर्वपदावर व गौण आघात उत्तरपदावर पडतो. अक्षरविभागणी पदांची सीमा पाळते : ‘बुस्’ आणि ‘स्टॉप’ मिळून होणाऱ्या ‘बसथांबा’ या अर्थाच्या शब्दात तीनऐवजी दोनच ‘स’ लिहितात, ओळीच्या शेवटी शब्द तोडताना मात्र तिसरा परत येतो.

समास जोडूनच लिहितात. ‘लामेलोर’ म्हणजे कोकराच्या मांडीचे मांस. पदे सुटी लिहिल्यास अर्थ ‘लुळ्या मांड्या’ असा होतो आणि उच्चारात दोन्ही पदांवर स्वतंत्र आघात येतो. जोडलेखन हे अशा रीतीने उच्चारातील आघाताचेच लेखनातील रूप ठरते.