पाहुणा, पंगत आणि जात : मराठी चर्चच्या इतिहासातून आपण काय शिकायचे?

डिसेंबर महिना होता. परभणी जिल्ह्यातील एका गावात शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्यासाठी आम्ही चार कार्यकर्ते गेलो होतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. रविवार असल्यामुळे मातंग वस्तीतील बहुतेक लोक पत्र्याच्या एका खोलीत उपासनेला बसले होते. तेच त्यांचे चर्च. आम्ही बाहेर थांबलो, तर पाळकांनी आत बोलावून पुढच्या खुर्च्यांवर बसवले. उपासना संपल्यावर उभे करून ओळख करून दिली आणि मंडळीने टाळ्या वाजवल्या. "सलाम", "जयभीम" झाले. मग जेवणाचा आग्रह सुरू झाला. ताट वाढताना एका म्हातारीने हळूच विचारले, "खाता ना बाबा आमच्या हातचं?"

आमच्यातील एकाने पोट बिघडल्याचे सांगून ताट बाजूला सारले. वाटेत मात्र त्याने हॉटेलवर भजी खाल्ली. तो आमचाच, बौद्ध घरातला, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला मुलगा होता.

हा लेख त्या मुलाला शिव्या देण्यासाठी लिहिलेला नाही. म्हातारीचा प्रश्न किती जुना आहे आणि त्याचे उत्तर कोणी कसे दिले, हे तपासण्यासाठी लिहिला आहे.

यजमान होण्याचा हक्क कोणाला होता?

'अतिथी देवो भव' ही संस्कृती असल्याचे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. पण गावगाड्यात हा अतिथी सांभाळत कोण होते? गावात सरकारी अंमलदार आला की त्याचे ओझे वाहायचे महाराने. घोड्याला चारा आणायचा महाराने. जळतणाला लाकूड फोडायचे आणि परक्या वाटसरूला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवायचे, तेही महारानेच. येसकर वेशीवर उभा राहून गावात येणारा-जाणारा प्रत्येक माणूस पाहायचा. थोडक्यात, गावच्या पाहुणचाराची सगळी वेठबिगार महाराची होती. पण तो पाहुणा महाराच्या घरी घोटभर पाणी प्यायचा का? कधीच नाही. सर्वांच्या पाहुण्यांची सेवा करणाऱ्याला स्वतः यजमान होण्याचा हक्क नव्हता. त्याला मिळायची ती दारोदार मागितलेली शिळी भाकरी.

समाजशास्त्रात रोटीबंदी आणि बेटीबंदी ही जातीची लक्षणे म्हणून शिकवतात. आम्हीही परीक्षेत ती लिहिली. पण रोटीबंदी म्हणजे केवळ सोबत न जेवणे नव्हे. कोणाला पाहुणा बोलावता येते आणि कोणाला येत नाही, याचा तो कायदा आहे. तुम्ही दिलेले पाणी कोणी पीत नसेल तर तुमचे घर समाजाच्या लेखी घरच नसते.

मुंबईतील एका मुलाचे जेवण

या कायद्याची ताकद पाहायची असेल तर 1843 साली मुंबईत काय घडले ते पाहा. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडे शिकून त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. वडील कोर्टात गेले आणि मुलगा अज्ञान असल्यामुळे कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. प्रश्न इथे संपायला हवा होता, पण खरा वाद इथूनच पेटला. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्याचा गुन्हा एवढाच की तो ख्रिस्ती घरात राहिला आणि जेवला. त्याला परत जातीत घ्यायचे की नाही यावर मुंबईचा ब्राह्मण समाज दुभंगला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे अशी बाजू घेतली, तर सनातन्यांनी त्यांच्यावरच राळ उडवली.

बघा, धर्म बदलण्याच्याही आधी जेवणाने माणूस बाटत होता. देव कोणता मानता याला दुय्यम स्थान होते, कोणाच्या घरचे अन्न पोटात गेले हे पहिले होते.

मोठा भाऊ नारायण शेषाद्री पुढे आपल्या मराठवाड्यात, निजामाच्या राज्यात आला. 1860 च्या दशकात त्याने जालन्याला मिशनचे काम उभे केले. ते काम प्रामुख्याने मांग आणि महार समाजात वाढले. निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली गेली. जालना आपल्याला परके नाही. 1981 साली जालना जिल्हा झाला तेव्हा आपल्या परभणीचाच परतूर तालुका त्यात गेला.

बेथेलमध्ये काय घडले याचा अर्थ नीट समजून घ्या. गावकुसाबाहेरच्या माणसांना स्वतःची वस्ती, स्वतःचे प्रार्थनास्थळ मिळाले. तिथे वेशीबाहेर उभे राहून जोहार घालावा लागत नव्हता. आलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणता येत होते. यात ब्रिटिश साम्राज्याचा स्वार्थ नव्हता असे आम्ही म्हणत नाही. पण साम्राज्याची टीका करताना त्या 'या, बसा'ची किंमत विसरणे हा आपल्या आजी-आजोबांवरचा अन्याय ठरेल.

एक प्याला, अनेक जाती

दुसरे मोठे केंद्र अहमदनगर (आताचे अहिल्यानगर). अमेरिकन मराठी मिशनने तिथे 1831 साली काम सुरू केले. तिथल्या मंडळीत महारांची संख्या मोठी होती आणि काही ब्राह्मणही आले. ख्रिस्ती उपासनेत प्रभुभोजनाचा विधी असतो. तिथे एकच भाकर मोडून वाटतात आणि त्या काळी एकाच प्याल्याला सर्वांनी ओठ लावायचे असत. ज्या देशात विहिरीवर सावली पडली तरी पाणी बाटत होते, त्या देशात महाराने ओठ लावलेला प्याला ब्राह्मणाने ओठाला लावायचा! हा विधी म्हणजे जातीवर पडलेला हातोडा होता.

पण हा हातोडा चर्चच्या दाराबाहेर चालला का? इथे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची आठवण ठेवली पाहिजे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला 1900 साली. मधल्या वर्षांत त्यांचे सोवळे, वेगळे पाणी, वेगळी चूल कशी चालली आणि हळूहळू कशी सुटली, हे त्यांनी स्वतःची थट्टा करत प्रामाणिकपणे लिहिले आहे. पुढे याच बाईंच्या घरी अनाथ मुले वाढली, कवी बालकवी राहिले, आणि टिळक कधी कोणाला जेवायला घेऊन येतील याचा नेम नसे. म्हणजे जात मनातून जाऊ शकते. पण ती बाप्तिस्म्याच्या पाण्याने एका सकाळी धुतली जात नाही. ती स्वयंपाकघरात, रोज, कष्टाने घालवावी लागते.

बडोद्याचे बंद दार

हे कष्ट जिथे घेतले गेले नाहीत तिथे काय झाले, याचे साक्षीदार स्वतः बाबासाहेब आहेत. 1917 साली परदेशातून परतल्यावर ते बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात पुढची हकीकत आहे. बाबासाहेब एका हिंदू मित्राकडे गेले. तो म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. मग ते एका भारतीय ख्रिस्ती मित्राकडे गेले. तो म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे मुत्सद्दीपणाचे उत्तर होते हे बाबासाहेबांना नंतर समजले. ते जोडपे मुळात ब्राह्मण होते. नवरा विचाराने उदार झाला होता, पण पत्नी जुन्याच वळणाची होती. तिने अस्पृश्याला घरात ठेवून घेतले नसते. बाबासाहेबांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहत पाच तास कामाठी बागेत काढले.

कोलंबियाचा विद्वान, दारात उभा, आणि ज्याच्या धर्मग्रंथात परक्याला घरात घ्या असे लिहिले आहे तो म्हणतो 'बायकोला विचारतो'! अर्थात सगळा दोष त्या न भेटलेल्या बाईच्या माथी मारण्याचेही कारण नाही. उदार नवऱ्याने आपले औदार्य बाहेर ठेवले आणि स्वयंपाकघर जातीच्या ताब्यात सोडले, हा त्याचाच पराभव आहे.

याच आत्मकथनात 1929 सालच्या चाळीसगावची घटना आहे. सरकारी समितीच्या कामावरून परतणाऱ्या बाबासाहेबांना तिथल्या महारांनी मुक्कामाचा आग्रह केला. टांगेवाले अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार होईनात. आपल्या पाहुण्याने पायी चालत यावे हे वस्तीला मान्य नव्हते. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि वस्तीतल्याच एका नवख्या माणसाने तो हाकला. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेब जबर जखमी झाले. बाबासाहेबांनी यात दोष पाहिला तो अस्पृश्यतेचा. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बडोद्यात घर असूनही पाहुणा नाकारला गेला, चाळीसगावात टांगेवाला नसतानाही पाहुण्याचा मान राखण्याची धडपड झाली. वेठबिगारीत पिढ्या घालवलेल्या माणसांना आपला पाहुणा, आपल्या हक्काने आणायचा होता.

सोलापूर, 1 जानेवारी 1938

धर्मांतराच्या घोषणेनंतर बाबासाहेब सोलापूरला ख्रिस्ती समाजाचे पाहुणे म्हणून गेले. पाहुण्याने गोड बोलावे अशी रीत आहे. बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त केला, पण यजमानांना खरे तेही सुनावले. दक्षिणेतील चर्चमध्ये जात पाळली जाते आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध राजकीय लढा देत नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितले. यजमानांनीही ते ऐकून घेतले. दोन वर्षांपूर्वी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावून, भाषण वाचल्यावर परिषदच रद्द केली होती. त्या तुलनेत सोलापूरकर निश्चितच मोठ्या मनाचे ठरतात.

'भाकरीसाठी बाटले' म्हणणाऱ्यांना

आपल्यातील काही तरुण म्हणतात की हे लोक दुष्काळात भाकरीसाठी बाटले, बाबासाहेबांचा मार्ग त्यांनी सोडला. पहिली गोष्ट, नगर-जालन्याची ही धर्मांतरे 1956 च्या कितीतरी आधीची आहेत. जो मार्ग अजून निघाला नव्हता तो कोणी सोडेल कसा? दुसरी गोष्ट, दुष्काळात भाकरी घेतली हे खरेच आहे. पण भाकरी येसकरालाही मिळत होती. फरक भाकरीत नव्हता, ती कशी वाढली यात होता. एक वरून टाकली जात होती, दुसरी सोबत बसून खाल्ली जात होती. 'बाटले' हा शब्दच मुळी सनातन्यांचा आहे. श्रीपतच्या जेवणावर तुटून पडणाऱ्यांचा शब्द आपल्या तोंडी शोभत नाही.

आणि राज्याने त्यांना काय दिले? 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने फक्त हिंदूंना अनुसूचित जाती मानले. 1956 साली शिखांचा आणि 1990 साली आपला, बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती आजही दाराबाहेर आहेत. 1956 ते 1990 अशी चौतीस वर्षे आपणही त्याच दारात उभे होतो. आत आल्यावर मागे वळून बघायचे नाही, असा नियम कोणी केला?

आता आपल्या विहाराकडे

तथागतांचा शिष्य आनंद तहान लागल्यावर प्रकृती या चांडाळ कन्येकडे पाणी मागतो. ती म्हणते, मी चांडाळ आहे. आनंद म्हणतो, मी पाणी मागितले, जात विचारली नाही. तथागतांनी शेवटचे जेवण घेतले ते चुंद या लोहारकाम करणाऱ्याच्या घरी. विनयात तर विहारात येणाऱ्या आगंतुक भिक्खूचे स्वागत कसे करावे, आसन कसे मांडावे, पाय धुण्यास पाणी कसे द्यावे, याचे नियमच आहेत. पाहुणचार हा आपल्याकडे शिष्टाचार नसून शील आहे.

मग आपल्या विहारात मातंग, चर्मकार, पारधी बांधव शेवटचे कधी आले? आले तर कुठे बसले? भीमजयंतीच्या भोजनदानाला आपण सगळ्या गावाला बोलावतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांच्या घरचे ताट आपण किती वेळा घेतले? वाढणे सोपे असते, त्यात आपण मोठे राहतो. दुसऱ्याच्या हातचे खाणे ही खरी परीक्षा आहे. सहभोजनाने जात संपत नाही, त्यासाठी आंतरजातीय विवाह हवेत, हे 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन' आपल्याला सांगते. मान्य! पण जिथे ताटच सरकवले जाते तिथे सोयरिकीची गोष्ट कोण काढणार?

म्हणून आमची सूचना साधी आहे. या डिसेंबरमध्ये आपल्या गावातील चर्चच्या जेवणाला जा. बोलावले तर पंगतीत बसा. वैशाख पौर्णिमेला त्यांना विहारात बोलावा, पुढे बसवा, त्यांच्यातील एखाद्या आजीला बोलू द्या. धर्मावर वाद जरूर करू, आम्ही बौद्ध आहोत आणि बौद्धच राहू. पण वाद जेवण झाल्यावर.

त्या गावात आम्ही पुन्हा गेलो. आमचा तो मित्र या वेळी स्वतःहून आला. म्हातारीने ताट पुढे केले. तिने काही विचारले नाही, त्यानेही काही सांगितले नाही. खाली बसला आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

जयभीम! नमो बुद्धाय!