मराठी रहस्यकथेतील दीर्घायुषी नायक : ‘डिटेक्टिव्ह कॉनन’च्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

रहस्यकथा हा आधुनिक काळातील अत्यंत लोकप्रिय कथाप्रकार होय. एडगर ॲलन पो यांच्या १८४१ मधील कथेपासून या प्रकाराचा प्रारंभ मानला जातो, तर आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ मध्ये शेरलॉक होम्स हे पात्र निर्माण करून गुप्तहेर नायकाला जगभर ओळख मिळवून दिली. पुढे हा नायक अनेक भाषांत रुजला. बंगालीत १९३२ मध्ये ब्योमकेश बक्षी व १९६५ मध्ये फेलूदा अवतरला, मराठीत झुंजार, धनंजय व फास्टर फेणे आले आणि जपानमध्ये १९९४ पासून ‘डिटेक्टिव्ह कॉनन’ ही चित्रकथामालिका अखंडपणे वाचली जाऊ लागली. काही गुप्तहेर पिढ्यानुपिढ्या जिवंत राहतात, तर काही त्यांच्या वाचकांबरोबरच विस्मरणात जातात. असे का घडते, याचा शोध मराठी रहस्यकथेच्या संदर्भात घेणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा हेतू आहे. त्यासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

जपानी उदाहरणाचे स्वरूप :

‘डिटेक्टिव्ह कॉनन’चे निर्माते गोशो आओयामा यांचा जन्म १९६३ मध्ये तोत्तोरी प्रांतात झाला. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात १९९४ मध्ये ही मालिका सुरू झाली. शिनिची कुदो हा सतरा वर्षांचा हुशार विद्यार्थी एका गुन्हेगारी टोळीने पाजलेल्या विषामुळे लहान मुलाच्या शरीरात अडकतो. तो ‘कॉनन एदोगावा’ हे नाव धारण करतो व पहिलीच्या वर्गात बसून गुन्ह्यांची उकल करतो. हे नावच वाङ्मयीन वंशावळ सांगणारे आहे. ‘कॉनन’ हे डॉयल यांच्याकडून, तर ‘एदोगावा’ हे जपानी रहस्यकथेचे जनक मानले जाणारे एदोगावा राम्पो (१८९४-१९६५) यांच्याकडून आले. राम्पो हेसुद्धा टोपणनावच होते आणि ते एडगर ॲलन पो या नावाच्या जपानी उच्चारावरून घडविलेले होते. बालवाचकांसाठी १९३६ पासून लिहिलेल्या राम्पो यांच्या गुप्तहेरकथांतील ‘बालगुप्तहेर मंडळ’ आओयामांच्या मालिकेतही नव्या रूपात भेटते. पूर्वसूरींचे ऋण नायकाच्या नावातच नोंदविण्याची ही वृत्ती लक्षणीय आहे.

या मालिकेचे दीर्घायुष्य केवळ लेखकाच्या प्रतिभेवर अवलंबून नाही. साप्ताहिकातील प्रकरणे ठरावीक काळाने ग्रंथरूपात येतात. जानेवारी १९९६ पासून तिच्यावर आधारित ॲनिमे मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. १९९७ पासून जवळजवळ दरवर्षी वसंत ऋतूत नवा चित्रपट प्रदर्शित होत आला. २०२० मध्ये महामारीमुळे मात्र हा क्रम खंडित झाला. २०२१ मध्ये मालिकेचा शंभरावा खंड प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी ॲनिमेने एक हजार भागांचा टप्पा गाठला. साप्ताहिक, ग्रंथ, दूरचित्रवाणी व चित्रपट या चारही माध्यमांनी परस्परांना वाचक व प्रेक्षक पुरविले. एक पिढी मोठी झाली तरी पुढच्या पिढीला कॉननपर्यंत पोहोचण्याची कोणती ना कोणती वाट खुली राहिली.

मराठी रहस्यकथेची समृद्धी :

लेखनाच्या विपुलतेत मराठी रहस्यकथा जपानी मालिकेपेक्षा उणी नाही. बाबुराव अर्नाळकर (१९०६-१९९६) या नावाने लिहिणारे चंद्रकांत सखाराम चव्हाण यांच्या नावावर एक हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. त्यांचा धनंजय हा गुप्तहेर आपला सहकारी छोटू याच्यासह गुन्ह्याचा माग काढतो. झुंजार व काळापहाड हे नायक कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना शासन करतात. पुढे गुरुनाथ नाईक यांनीही विपुल रहस्यकथा लिहिल्या, तर सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांच्या दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी या नायकांनी १९७० नंतरच्या तरुण वाचकाला आकर्षित केले.

या लेखनावर पाश्चात्त्य कथांचा प्रभाव होता. वेगाने लिहिल्यामुळे त्यात पुनरावृत्तीही शिरली. हे दोष मान्य केले तरी मराठी माणसाला वाचनाची गोडी लावण्याचे या कथांचे कार्य नाकारता येत नाही. नुकत्याच साक्षर झालेल्या वाचकासाठी स्वस्त, आटोपशीर व उत्कंठावर्धक पुस्तक हे ग्रंथविश्वाचे प्रवेशद्वार होते. तथापि वाङ्मयेतिहासकारांनी या प्रवाहाची नोंद बहुधा ओझरतीच घेतली. ‘लोकप्रिय’ म्हणजे ‘सवंग’ हे समीकरण त्यामागे होते.

फास्टर फेणे : खेड्यातून आलेला नायक :

कॉननशी सर्वाधिक तुलनीय मराठी पात्र म्हणजे भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांचा फास्टर फेणे होय. बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा मुलगा शिक्षणासाठी पुण्याच्या विद्याभवन शाळेत येतो आणि आपल्या चपळाईने व धाडसाने संकटांना सामोरा जातो. त्याच्या कथांची एकूण २० पुस्तके आहेत. प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत तो संचार करतो, पण कॉननप्रमाणेच शाळकरी वयातच राहतो.

येथे दोन बालनायकांतील महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. कॉनन हा वस्तुतः बालदेहातील प्रौढ आहे. त्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही, म्हणून आवाज बदलणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने तो कोगोरो मोरी या प्रौढ गुप्तहेराच्या आवाजात बोलतो. फास्टर फेणेला असा उसना आवाज लागत नाही. तो खराखुरा मुलगा आहे; सायकल, पाय आणि ‘ट्टॉक’ हा त्याचा उद्गार एवढेच त्याचे भांडवल. अर्नाळकरांचे नायक प्रामुख्याने महानगरात वावरतात, तर फेणे खेड्यातून शहरात येतो व तेथे न्यूनगंड न बाळगता उभा राहतो. सेनगावसारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही बाब विशेष मोलाची आहे.

फेणेला पडदाही लाभला. १९८०च्या दशकात दूरदर्शनवरील मालिकेत सुमीत राघवन यांनी ही भूमिका केली. त्यानंतर सुमारे तीन दशकांनी, २०१७ मध्ये, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात अमेय वाघ यांनी तरुण फेणे साकारला. या चित्रपटात खुद्द भा. रा. भागवत हे एक पात्र असून ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली. लेखकाच्या ऋणाची ही नोंद कॉननच्या नावातील नोंदीशी नाते सांगणारी आहे. परंतु दोन रूपांतरांमधील अंतर बोलके आहे. तेवढ्या काळात मुलांची एक संपूर्ण पिढी शाळेतून बाहेर पडते.

जतनाचा प्रश्न :

पुस्तक प्रदान अधिनियम, १९५४ अन्वये प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य निर्दिष्ट ग्रंथालयांस पाठविणे बंधनकारक झाले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ मुळे गावोगावच्या वाचनालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. मात्र कायदा प्रतीची तरतूद करतो, आस्थेची नव्हे. हलक्या कागदावरील रहस्यकथा हातोहात वाचली जाते, फाटते आणि शेवटी रद्दीत जाते. ज्या पुस्तकाला सर्वाधिक वाचक लाभतात तेच सर्वांत आधी नष्ट होते, हा लोकप्रिय साहित्याच्या इतिहासातील विरोधाभास आहे. मराठवाड्यातील वाचनसंस्कृतीचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकासाठी ही पुस्तके म्हणजे ऐतिहासिक साधनेच आहेत. त्यांवरील वाचनालयाचे शिक्के, देवघेवीच्या तारखा व वाचकांनी समासात केलेल्या नोंदी यांतून सामान्य वाचक प्रथमच इतिहासाच्या कक्षेत येतो. आज जपानी ॲनिमे भ्रमणध्वनीवर सहज पाहता येते. कॉनन ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला झुंजार ठाऊक नसेल तर तो दोष विद्यार्थ्याचा म्हणता येणार नाही.

निष्कर्ष :

१. नायकाचे दीर्घायुष्य लेखकाच्या प्रतिभेइतकेच नियतकालिक, ग्रंथ व दृश्यमाध्यम यांच्या सातत्यपूर्ण साखळीवर अवलंबून असते.

२. मराठीत लेखक, नायक व वाचक यांची उणीव नव्हती. उणीव होती ती या साखळीची व जतनाच्या दृष्टीची.

३. फास्टर फेणे हा ग्रामीण पार्श्वभूमीचा स्वावलंबी बालनायक असून त्याचा अभ्यास बालसाहित्यापुरता मर्यादित न ठेवता सामाजिक इतिहासाच्या अंगानेही होणे आवश्यक आहे.

४. तालुका पातळीवरील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी परिसरातील वाचनालये व घरे यांतील जुन्या रहस्यकथांची सूची करावी. ज्येष्ठ वाचकांच्या मुलाखती आजच घेतल्या पाहिजेत, कारण या वाचनाचे शेवटचे साक्षीदार तेच आहेत.