तळपायाला ऊन लागत नाही

मेलॅनोमा हा गोऱ्या लोकांचा कर्करोग, आपल्या सावळ्या कातडीला त्याचे भय नाही, हे मत घरोघरी आहे आणि दवाखान्यांतही आहे. या पूर्वपक्षात तथ्य किती, ते आधी पाहू. कातडीतले मेलॅनिन अतिनील किरण अडवते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये हा रोग जगात सर्वाधिक आढळतो. भारतात लाखामागे वर्षाला एकही नवा रुग्ण भरत नाही. अमेरिकेत गोऱ्यांमधले प्रमाण कृष्णवर्णीयांच्या वीसपटींहून जास्त आहे. इथवर वाद नाही.

पण यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. मेलॅनिन ऊन अडवते म्हणून रोगही अडवते, हे तेव्हाच खरे ठरेल, जेव्हा प्रत्येक मेलॅनोमा उन्हातून उद्भवत असेल. तसे नाही. तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा इथे होणाऱ्या प्रकाराला ॲक्रल मेलॅनोमा म्हणतात. भारतातल्या कर्करोग रुग्णालयांच्या नोंदींत त्वचेवरच्या मेलॅनोमाची नेहमीची जागा पाऊल हीच दिसते. गोऱ्या कातडीवरच्या मेलॅनोमात सुमारे निम्म्या वेळा बीआरएएफ जनुकात बदल सापडतो; ॲक्रलमध्ये तो बराच कमी असतो आणि केआयटी जनुकातला बदल तुलनेने अधिक. अतिनील किरणांच्या खुणाही त्याच्या डीएनएत थोड्याच असतात. तेव्हा सनस्क्रीनचा उपदेश इथे फारसा कामाचा नाही.

या अभयाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. तळव्यावरचा काळा डाग कुरूप समजून कापला जातो, नखाखालचा मार लागल्याचा समजून सोडून दिला जातो, चिघळला की नखुरडे किंवा मधुमेहाची जखम म्हणून महिनोन्महिने मलमपट्टी चालते. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यातला मेलॅनोमाही आधी फुटबॉलची दुखापत वाटला होता. १९७७ साली निदान झाले; १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले. अमेरिकेत निदानानंतर पाच वर्षे जगणारे गोरे रुग्ण नव्वद टक्क्यांहून अधिक, कृष्णवर्णीय सुमारे सत्तर टक्के. या फरकामागे उशिरा होणारे निदान हे एक मोठे कारण आहे. ॲलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली दाखवून दिले, की गाठ कातडीत किती मिलिमीटर खोल गेली आहे, त्यावर रुग्णाचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते. एक मिलिमीटरच्या आतली गाठ वेळीच काढली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

कोणी म्हणेल, सावळ्या लोकांच्या नखांवर काळ्या रेघा असतातच. असतात, आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. पण मोठ्या वयात एकाच नखावर उमटलेली, रुंदावत जाणारी, नखाच्या मुळाशी कातडीवर उतरणारी रेघ वेगळी. हे लक्षण जोनाथन हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. शिवाय काही ॲक्रल गाठींना काळा रंग नसतोच. त्या लालसर, न भरणाऱ्या जखमेसारख्या दिसतात.

म्हणून डॉक्टरांना विनंती, की मधुमेह्याचे पाऊल तपासताना तळव्यावरचा प्रत्येक डाग पाहावा आणि उपचारांना दाद न देणाऱ्या जखमेचा तुकडा तपासणीला पाठवावा. वाचकांनीही तळव्यावरचा वाढता डाग घरी ब्लेडने तासू नये, तो त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा.