काळी मेहंदी, लाल मेहंदी: पानात काय असते आणि कोनात काय भरतात

ईद असो, निकाह असो की घरातले छोटेसे फंक्शन, मेहंदीशिवाय आपल्याकडे रस्म पुरी होत नाही. मराठीत मेंदी म्हणतात, आपण घरात मेहंदी म्हणतो, झुडूप एकच: लॉसोनिया इनर्मिस. पण आज बाजारात या एका नावाखाली किमान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यातल्या दोन वस्तूंचा त्या झुडपाशी फारच थोडा संबंध असतो. चांदरातीला घाईघाईत कोन विकत घेऊन मुलीच्या हातावर वेल काढणाऱ्या अम्मीला हा फरक माहीत असलेला बरा. चुकीच्या कोनामुळे जडलेली अ‍ॅलर्जी त्या मुलीला जन्मभर सोडत नाही.

लेखात दुल्हनच्या तयारीबद्दल जो सल्ला आहे, तो माझ्या ओळखीच्या एका ब्युटीशियन आपांचा आहे. वीसेक वर्षे त्या नवऱ्या सजवतात. मेकअपपेक्षा मेहंदीनेच त्यांना जास्त वेळा अडचणीत आणले, असे त्या सांगतात.

पानातला रंग

मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचे लालसर-नारिंगी रंगद्रव्य असते. सुक्या पानांच्या पावडरीत त्याचे प्रमाण साधारण 1 ते 2 टक्के. पावडर लिंबाच्या रसात किंवा पाण्यात भिजवली की हा रंग सुटतो आणि कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतो. केस आणि नखेही केराटिनचीच, म्हणून तिथेही रंग चढतो.

लेप खरवडून काढला की रंग आधी फिकट नारिंगी दिसतो. मग हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो हळूहळू गडद होत जातो आणि साधारण 48 तासांनी लाल-तपकिरी होऊन बसतो. तळहात आणि तळपायाची कातडी जाड, म्हणून तिथे रंग सर्वांत गडद येतो. मनगटाच्या वर गेलो की फिकट. मेहंदी रंगली म्हणजे सासू प्रेमळ, हे चेष्टेत म्हणायला छान आहे, पण खरा हिशेब कातडीच्या जाडीचा आहे. मुलीचा रंग फिकट आला म्हणून तिला टोमणे मारू नका.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. अस्सल पान कातडीवर कोळशासारखा काळा रंग कधीच देत नाही. आणि दहा-पंधरा मिनिटांत गडद रंगही कधीच देत नाही. हे दोन्ही जिथे मिळते तिथे दुसरे काहीतरी मिसळलेले आहे.

काळ्या मेहंदीत काय असते

काळेपणा येतो तो बहुतेक वेळा पॅरा-फेनिलीनडायअमीन या रसायनामुळे. पाकिटावर आणि डॉक्टरांच्या तोंडी त्याचे छोटे नाव पीपीडी. केस काळे करणाऱ्या बहुतेक पक्क्या डायमध्ये ते असतेच. युरोपात केसांच्या डायमध्ये, वापरायला तयार मिश्रणात, ते 2 टक्क्यांपर्यंतच चालते आणि कातडीवर नक्षी काढायला अजिबात चालत नाही. अमेरिकेतही ते फक्त केसांसाठी मान्य आहे. पण 'काळी मेहंदी' म्हणून कातडीवर लावलेल्या मिश्रणांचे जे नमुने जगभर तपासले गेले, त्यांतल्या काहींत हे प्रमाण 15 टक्क्यांच्याही वर निघाले आहे. म्हणजे डोक्याच्या केसांना जेवढे चालते त्याच्या सातपट, आणि तेही मुलांच्या नाजूक हातावर, तासन्‌तास.

पीपीडीची अ‍ॅलर्जी फसवी असते. पहिल्या वेळी काहीच होत नाही, म्हणून 'आम्ही मागच्या ईदलाही हाच कोन लावला होता' हा दाखला उपयोगाचा नाही. शरीर त्या वेळी फक्त ओळख करून घेते. पुढच्या वेळी, लावल्यानंतर एक ते तीन दिवसांत, खाज, लाली आणि पाण्याचे फोड उठतात. पहिल्याच वेळी जास्त मात्रा लागली असेल तर आठ-पंधरा दिवसांनी, रंग उतरत असतानाही फोड येऊ शकतात. मागे आमच्या शाळेत चौथीतल्या एका मुलीच्या बाबतीत हेच झाले. ईदला दहा दिवस उलटले होते आणि तिच्या हातावर वेल, पान, ठिपका, सगळी नक्षी फोडांनी काढल्यासारखी उठली होती. बाकीचा हात स्वच्छ. फोड बरे झाले, पण त्या जागी पांढरट डाग बरेच महिने राहिले. कुणाकुणाचे डाग कायमचेही राहतात.

डागांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की जात नाही. चाळिशीत केसांना डाय लावायला गेलेल्या बाईचा चेहरा सुजून डोळे बंद होतात, त्याचे मूळ कधीकधी लहानपणीच्या काळ्या नक्षीत असते. शिवाय पीपीडीशी मिळतीजुळती रचना असलेल्या काही वस्तूही मग सोसत नाहीत. काही गडद कापडी रंग आणि बेन्झोकेनसारखी बधिर करणारी मलमे त्यात येतात. अमेरिकेतल्या कातडीच्या अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने 2006 साली पीपीडीला 'वर्षातला अ‍ॅलर्जन' ठरवले होते, ते उगाच नाही.

झटपट लाल कोन

तिसरी वस्तू म्हणजे 'इमर्जन्सी', 'इन्स्टंट', 'पाच मिनिटांत रंग' असे लिहिलेले कोन. रंग लाल, म्हणून लोकांना ते सुरक्षित वाटतात. अशा कोनांच्या तपासण्यांत पिक्रामिक आम्ल किंवा त्याचा क्षार सापडलेला आहे. तेही रंगवायचे रसायनच, आणि त्यानेही आग, खाज, फोड येतात. काही कोनांना घासलेटसारखा उग्र वास येतो, तो रंग लवकर आत शिरावा म्हणून घातलेल्या द्रावकांचा.

इथे वुजूचा एक प्रश्न बायका हमखास विचारतात. अस्सल मेहंदीचा रंग कातडीत मुरलेला असतो, वर थर राहत नाही, त्यामुळे लेप नीट काढून टाकला की पाणी कातडीपर्यंत पोहोचते. झटपट कोनाचा रंग मात्र काही वेळा दोन-तीन दिवसांनी पापुद्र्यासारखा सोलून निघतो. तो थर पाणी अडवतो की नाही, याचे उत्तर आपल्या मौलानांना विचारावे. पण सोलून निघणारा रंग पानाचा नव्हे, एवढे मात्र नक्की.

कोन घेताना

माझ्या मते सर्वांत सोपी कसोटी म्हणजे कोन दुकानात कुठे ठेवला आहे ते पाहणे. पानांचा भिजवलेला लेप ही भाजीसारखी नाशवंत गोष्ट आहे. बाहेर ठेवला तर दोन-चार दिवसांत त्याचा रंग मरतो. ताजे कोन बनवणाऱ्या बायका ते फ्रीझरमध्ये ठेवतात. काउंटरवरच्या बरणीत सहा महिने पडलेला आणि तरीही दाट रंग देणारा कोन पाहिला की समजून जा.

बाकी खुणा अशा: अस्सल लेप हिरवट-तपकिरी असतो आणि वास गवत, निलगिरी किंवा लवंगेच्या तेलाचा येतो. लेप काळाकुट्ट असेल, वास रॉकेलचा किंवा पार्लरमधल्या डायचा असेल, तर परत करा. घटक छापलेले नसतील तरीही परत करा. 'हर्बल', 'शंभर टक्के नैसर्गिक', 'हलाल' हे शब्द घटकांची यादी नव्हेत. शंका असली तर पायाच्या टाचेवर एक ठिपका लावून दहा मिनिटांनी पुसा. फिकट नारिंगी डाग आला तर ठीक. गडद लाल किंवा काळा आला तर कोन कचऱ्यात.

घरी करणे अवघड नाही. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेहंदी नावाजलेली आहे, तिला 2021 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हिरवी, बारीक, ताजी पावडर 100 ग्रॅम घ्या, मलमलच्या कापडातून चाळा, लिंबाच्या रसात दाट भिजवा, एक मोठा चमचा साखर घाला म्हणजे लेप हाताला धरून राहतो. झाकून आठ ते बारा तास ठेवा. उन्हाळ्यात कमी वेळ पुरतो. वरचा थर तपकिरी झाला की रंग सुटला. मोठ्यांसाठी दोन चमचे निलगिरीचे तेल घालता येते, लहान मुलांच्या लेपात ते नको. उरलेले कोन फ्रीझरमध्ये.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र कुठलीच मेहंदी लावू नये, अस्सलही नाही. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त. अशा बाळाला मेहंदी लावल्यावर लॉसोनमुळे रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ आणि गंभीर अशक्तपणा आल्याच्या नोंदी आहेत. छटीला बाळाच्या तळपायाला टिकली लावायचा हट्ट नानी-दादी करतात, त्यांना हे समजावून सांगा. ज्या मोठ्या मुलाला ही कमतरता असल्याचे माहीत आहे, त्यालाही लावू नये.

दुल्हनचे वेळापत्रक

आपांचे म्हणणे असे की बहुतेक घोटाळा वेळेचा असतो. मेहंदी आदल्या रात्री काढतात, सकाळी रंग नारिंगी दिसतो, मग कुणीतरी काळा कोन आणून वरून गिरवते. निकाहच्या दोन दिवस आधी मेहंदी काढली तर रंग नेमका त्या दिवशी पूर्ण चढतो. लेप सहा ते आठ तास ठेवावा, साखर-लिंबाचे पाणी कापसाने टिपत राहावे, नंतर पाण्याने न धुता खरवडून काढावा. पुढचे बारा तास तरी हाताला पाणी नको, थोडे मोहरीचे किंवा खोबऱ्याचे तेल चालेल. वॅक्सिंग, स्क्रब, ब्लीच जे काही करायचे ते मेहंदीच्या आधी, कारण नंतर केले तर रंगलेला थरच निघून जातो. केसांना रंग करायचा असेल तर तो दोन आठवडे आधी, म्हणजे काही झाले तर बरे व्हायला वेळ मिळतो. आणि मेकअपचे कुठलेही नवे सामान लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा चेहऱ्याला लागता कामा नये, ट्रायल आठवडाभर आधी.

केस, दाढी आणि खिजाब

'काळी मेहंदी' नावाची केसांची पाकिटे घरोघरी असतात आणि अब्बा ती दाढीलाही लावतात. नाव मेहंदीचे असले तरी काळा रंग पीपीडीचा असतो, पाकिटामागची बारीक अक्षरे वाचली की दिसते. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे अशा डायच्या पाकिटावर सूचना छापावी लागते: आधी चाचणी करून पाहा, आणि पापण्या किंवा भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकते. भुवया काळ्या करायला उरलेला डाय वापरणाऱ्या खालाजान प्रत्येक खानदानात एक तरी असतात.

चाचणी म्हणजे कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा डाय लावून 48 तास वाट पाहणे. दर वेळी करावी, दहा वर्षे तोच ब्रँड वापरत असलात तरी. मात्र ज्याला एकदा अ‍ॅलर्जी झालेली आहे त्याने ही चाचणीसुद्धा घरी करू नये.

पीपीडी नको असेल तर जुना मार्ग आहे. आधी साधी मेहंदी लावून केस धुवायचे, मग निळीच्या पानांची पावडर साध्या पाण्यात कालवून लगेच लावायची आणि तास-दोन तासांनी धुवायची. पांढरे केस गडद तपकिरी ते काळे होतात. 'इंडिगो' नावाने ती मिळते, त्यातही घटक एकच असल्याची खात्री करा. वेळ जातो, हात रंगतात, पार्लरसारखी चमक येत नाही, हे खरे आहे. काळ्या खिजाबाच्या मसल्यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत, तो विषय या लेखाचा नाही.

डायची पाकिटे मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. डाय पोटात गेला तर चेहरा आणि गळा सुजून श्वास अडकतो, पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. थोडाच गेला असेल म्हणून थांबू नका, लगेच मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या.

फोड उठले तर

लेप लगेच साबण-पाण्याने धुवा. लिंबू, टूथपेस्ट, हळद काही चोळू नका, फोड फोडू नका. थंड पाण्याची ओली पट्टी ठेवा आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे मलम आणून चेहऱ्याला लावू नका. ओठ, पापण्या सुजल्या, आवाज बसला किंवा दम लागला तर डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जा. कोनाचे रिकामे प्लास्टिक किंवा पाकीट फेकू नका. डॉक्टरांना त्यावरून कारण कळते आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करायची तर त्यावरचा बॅच नंबर आणि उत्पादकाचा पत्ता लागतो. बऱ्या झालेल्या मुलीच्या दवाखान्याच्या फाईलवर 'पीपीडीची अ‍ॅलर्जी' असे ठळक लिहून घ्या, आणि ती पार्लरमध्ये जाण्याच्या वयाची झाली की तिला ते तोंडपाठ असू द्या.