खातेवही, यंत्र आणि करार

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वांद्र्याच्या बाजारातून फिरताना एखाद्या जुन्या दुकानात लाल कापडी पुठ्ठ्याची वही पाटावर मांडलेली दिसते. तिच्यावर हळदकुंकू वाहतात, पहिल्या पानावर 'श्री' काढतात. गंमत अशी, की त्या वहीत पुढे वर्षभर कुणी काही लिहीत नाही. हिशेब सारा यंत्रात असतो; वही उरली आहे ती केवळ पूजेपुरती. ती पाहिली म्हणजे मला माझे वडील आठवतात.

वडील एका बँकेत कारकून होते. टेबलावर हातभर रुंद खातेवही, आणि तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक पान. चेक दिला की गिऱ्हाइकाच्या हाती पितळी बिल्ला पडे. चेक वडिलांकडे येई. ते सही ताडून पाहत, रक्कम नावे टाकत, बाकी काढत. मग अधिकाऱ्याची सही होई, आणि मग कुठे रोखपालाच्या खिडकीतून बिल्ल्याचा आकडा पुकारला जाई. दोनशे रुपये काढायला आलेला मनुष्य बाकावर तासभर सहज बसे. जूनच्या आणि डिसेंबरच्या अखेरीस वडील रात्री जेवायला घरी नसत. सहामाही व्याज काढायचे असे, आणि आठ आण्यांचा फरक सापडेपर्यंत कुणी जागचे हलायचे नाही, असा शाखेचा दंडक होता.

पुढे शाखेत खातेवहीचे यंत्र आले. पहिले दोन महिने वही आणि यंत्र दोन्ही चालवायची होती. यंत्राची बेरीज कधी चुकली नाही. पण एकदा कुणाच्या तरी बोटाने एक शून्य जास्त पडले आणि एका पेन्शनर बाईंच्या नावे तीनशेऐवजी तीन हजार लागले. यंत्राने बाकी बिनचूक काढली. वडील मात्र थबकले. "या बाई तीनशेच्या वर कधी काढत नाहीत," म्हणाले, आणि चेक पुन्हा मागवला. घरी येऊन त्यांनी आईला सांगितले, "यंत्राला बेरीज येते, शंका येत नाही."

हे आठवायला यंदा एक निमित्त घडले. माझी एक जुनी विद्यार्थिनी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कचेरीत काम करते. गिऱ्हाइकांची पत्रे वाचायची, तक्रार कसली आहे ते ओळखायचे आणि उत्तर लिहायचे, हे तिचे काम. आता ते काम कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र करणार आहे. त्याला शिकवण्यासाठी तिला सांगितले आहे, की तू पत्र कसे वाचतेस, कोणत्या शब्दावरून काय ओळखतेस, ते सारे टिपून दे. गणपतीच्या सुमारास ती घरी आली आणि म्हणाली, "सर, सगळे नीट लिहून देऊ, की थोडे हातचे राखून ठेवू?"

वाचकहो, आयुष्यभर मुलांना 'येते ते पूर्ण लिहा' असे सांगणाऱ्या मास्तरला हा प्रश्न अवघड होता. मी तिला त्या दिवशी उत्तर दिले नाही. जुनी पुस्तके काढून बसलो.

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली पहिल्या कापड गिरणीची उभारणी केली, तेव्हापासून या शहराचे पोट यंत्रावर चालत आले आहे. तंटा यंत्राशी क्वचितच झाला. तो झाला यंत्र कोणत्या अटींवर चालायचे यावरून. 1928 साली गिरणीमालकांनी कार्यक्षमतेची योजना आणली. कातणाऱ्याने चात्यांच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू सांभाळाव्यात, विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, असा तिचा मतलब होता. कामगारांचा हिशेब सोपा होता : एकाने दोघांचे काम केले, तर दुसरा जाणार कुठे? सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते. गिरणगावातल्या चुली सहा महिने कशा पेटल्या असतील, याची कल्पना आज करवत नाही. त्यानंतर चौकशी समिती बसली. बोलणी व्हायची ती उपासमारीनंतर झाली.

स्वातंत्र्यानंतर हा क्रम उलटा करण्याचा प्रयत्न झाला. 1956 च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात अशी तरतूद आली, की माणसे कमी होण्याचा संभव असेल असा बदल करण्याआधी मालकाने 21 दिवसांची सूचना द्यावी. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसले आणि तीन अटींवर त्यांचे एकमत झाले. असलेल्या माणसाची नोकरी वा कमाई जाऊ नये. यंत्राने होणारा लाभ समाज, मालक आणि कामगार यांच्यात न्यायाने वाटला जावा. आणि कामाचा बोजा उभयपक्षी मान्य अशा तज्ज्ञाने ठरवावा. या अटी किती ठिकाणी पाळल्या गेल्या, हा प्रश्न वेगळा. पण त्या कागदावर आल्या, हे थोडे नव्हे.

बँकांत हेच घडले. 1983 साली बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात लेखी करार झाला. कोणती यंत्रे, कोणत्या कामाला आणि किती आणायची यावर मर्यादा आल्या. यंत्रावर बसणाऱ्याला विशेष भत्ता ठरला. रंगराजन समितीने 1984 साली संगणकीकरणाचा आराखडा दिला आणि करार पुढे 1987 व 1993 साली नव्याने झाले. माझ्या वडिलांना भत्ता मिळाला तो या कराराने. त्या पैशांतून माझा पहिला कंपास आला, म्हणून मी त्या कराराचा ऋणी आहे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. करार सावकाश चालले, आणि बाकावर बिल्ला घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकाला त्या टेबलाशी कुणी बोलावले नव्हते. 1994 नंतर नव्या खाजगी बँका निघाल्या. त्यांना सुरुवातीपासूनच खातेवही ठाऊक नव्हती. बाकावरचा माणूस उठून त्यांच्याकडे गेला. 2000-01 साली सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडली. त्यांत वडीलही होते.

त्याच काळात आमच्या वांद्र्याचे रूप पालटत होते. मिठी नदीच्या काठची दलदल 1977 साली नियोजनासाठी प्राधिकरणाकडे सोपवली गेली आणि तिच्यावर काचेच्या इमारती उठल्या. राष्ट्रीय शेअर बाजाराने 1994 साली पडद्यावरचे व्यवहार सुरू केले. दुसऱ्या वर्षी दलाल स्ट्रीटवरचा आरडाओरडाही पडद्यापुढे शांत झाला. आज त्या राष्ट्रीय बाजाराची इमारत याच संकुलात आहे. येथेच मुख्यालय असलेल्या आयसीआयसीआय बँकेने 2016 साली जाहीर केले, की तिच्या दोनशेहून अधिक कामांत सॉफ्टवेअरचे रोबो रुजू झाले असून ते रोज दहा लाखांवर व्यवहार उरकतात. रोबो म्हणजे लोखंडी माणूस नव्हे. कारकुनाने पडद्यावर जे वाचायचे, ताडायचे आणि नोंदायचे, ते करणारा निराकार कारकून. आता तर पत्र लिहिणारे यंत्रही आले. रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने 2025 साली सात सूत्रे दिली. त्यांत 'माणूस आधी' हे सूत्र आहे, तसेच 'अटकावापेक्षा नवनिर्मिती' हेही आहे. दोन्ही एकाच घरात नांदवणे सोपे नाही.

माझ्या विद्यार्थिनीच्या आणि माझ्या वडिलांच्या गोष्टीत यंत्राचा फरक आहेच. पण त्याहून मोठा फरक टेबलाचा आहे. वडिलांच्या वतीने बोलायला कुणीतरी बसले होते. हिच्या कचेरीत संघटना नाही, करार नाही. आली ती फक्त एक सूचना. शिवाय वडिलांकडून यंत्राने बेरीज घेतली, शंका त्यांच्यापाशी राहिली. हिच्याकडे मागितली आहे ती शंकाच.

ती पुन्हा आली तेव्हा मी तिला म्हणालो, "बाळ, हातचे राखू नकोस. राखलेली विद्या गंजते, आणि यंत्र ती दुसऱ्याकडून मिळवील. पण देताना अट घाल." आणि 1957 च्या त्या तीन अटी तिला कागदावर उतरवून दिल्या.

तिने तिचे सारे टिपण प्रामाणिकपणे लिहून दिले. त्यासोबत बरोबरीच्या चौघांच्या सह्या घेऊन एक पानाचा अर्जही दिला : आमचे काम गेले तर दुसरे कोणते शिकवाल? वाचलेल्या वेळातला आणि पैशातला आमचा वाटा कोणता? आणि यंत्राने लिहिलेले उत्तर चुकले, तर जबाबदारी कुणाची? वरिष्ठांनी अर्ज ठेवून घेतला आहे. विचार करू, म्हणाले आहेत.

यंदा लक्ष्मीपूजनाला मी वडिलांची जुनी दौत पाटावर मांडणार आहे, आणि तिच्याशेजारी त्या अर्जाची नक्कल.